मज्जेचा अर्थ

मुलगी बरी झाली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागेल, आणि शेवटी पोर वाचली म्हणून मलाही सगळं माफ होऊन जाईल. तसं व्हायला नको आहे. पोरीला डॉक्टरांनी वाचवलं, औषधांनी वाचवलं, तिच्या आईनं वाचवलं. मी जे केलं ते निराळं आहे. ते इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

नव्वदीच्या दशकात आम्ही सहा वर्षं लखनौला होतो. मी एका सरकारी बँकेत राजभाषा अधिकारी होते. हे पद काय असतं ते मराठी माणसाला समजावून द्यावं लागतं. वरून येणारी इंग्रजी परिपत्रकं हिंदीत करायची, शाखांमधल्या पाट्या आणि फॉर्म हिंदीत आहेत की नाहीत ते बघायचं, सप्टेंबरात हिंदी पंधरवडा साजरा करायचा आणि दर तीन महिन्यांनी या सगळ्याचा अहवाल द्यायचा. नाशिकची बाई लखनौच्या लोकांना हिंदी शिकवते याचं माझ्या माहेरच्यांना हसू यायचं, आणि मला त्याचा भारी गर्व होता. माझं हिंदी चांगलं होतं, हे खोटं नाही. चौकातला चिकनच्या भरतकामाचे कपडे विकणारा माल उलगडता उलगडता विचारायचा, "आप तो यहीं की हैं ना?" मी लगेच उत्तर द्यायचे नाही. त्यानं पुन्हा एकदा विचारावं म्हणून थांबायचे.

लखनौत मराठी माणसं थोडी. बँकांतली, सरकारी कंपन्यांतली, फौजेतली. आमचं एक मंडळ होतं, ते गणपती, कोजागिरी आणि संक्रांत एवढ्यापुरतं जागं व्हायचं. एका वर्षी दिवाळी संपता संपता मंडळाच्या सेक्रेटरींचा मला ऑफिसात फोन आला. बख्शी का तालाबला हवाई दलाचा तळ आहे, तिथलं एक मराठी कुटुंब. पाच वर्षांची मुलगी. रक्ताचा कॅन्सर असावा असं डॉक्टरांना वाटतंय, म्हणून तळावरच्या दवाखान्यातून तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात आणलंय. बापाला सारखी रजा मिळत नाही. आई दोन-तीन महिन्यांपूर्वीच गावाहून आलेली, तिला हिंदीचा गंध नाही. डॉक्टर काय म्हणतात ते तिला सांगायला कुणीतरी हवं. "आता तुमच्याइतकं हिंदी आपल्यात कुणाचं आहे?" सेक्रेटरी म्हणाले. एवढं वाक्य मला पुरे होतं.

वॉर्डाच्या दारातच मुलीचे वडील भेटले. गणवेशात होते, तिशीचे, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला फार खोलात जाऊन काही सांगू नका. घाबरून जाईल. जेवढ्यास तेवढं सांगा." हे वाक्य मी पुढं किती वापरलं त्याला हिशोब नाही. माझ्या प्रत्येक खोट्याला मी त्याचाच आधार दिला.

आई कॉटच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन बसली होती. पंचवीस वर्षांची असेल नसेल. मी मराठीत बोलले तशी ती उठून उभी राहिली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, तुमी आला, लई बरं झालं." मग रडली. आठ दिवसांत नवऱ्याशिवाय आणि लेकीशिवाय कुणाचं एक वाक्य तिच्या कानावर धड पडलं नव्हतं.

तोवर तिची दुभाषी कोण होती, तर ती पाच वर्षांची पोर. तळावरच्या बालवाडीत दोन महिने गेली होती, तेवढ्यात तिनं हिंदी उचललं होतं. डॉक्टर आईशी बोलायचे, आई पोरीकडे बघायची, आणि पोर कॉटवर पडल्या पडल्या सांगायची, "आई, ते म्हणतात रात को खाना नहीं देना, उद्या खून घेणार." अर्धं मराठी, अर्धं हिंदी, पण जसंच्या तसं. ती काही गाळत नव्हती आणि पदरचं काही घालत नव्हती. मी आल्यावर तिची सुटका झाली असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. खरं तर तिच्या जागी तिच्याहून वाईट दुभाषी आली होती.

मी दुपारच्या सुट्टीत जायचे आणि ऑफिस सुटल्यावर पुन्हा जायचे. पहिले दोन दिवस मी तिच्या आईला 'तुम्ही' म्हणत होते, तिसऱ्या दिवशी 'तू' कधी झालं ते मला कळलंही नाही. तिनं मात्र मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हटलं.

डॉक्टर बारीक चणीचे, थकलेल्या डोळ्यांचे, पण नीट बोलणारे गृहस्थ होते. ते सावकाश सांगायचे: मुलीला पडू देऊ नका, लागू देऊ नका, गर्दीत नेऊ नका, हिरड्यांतून रक्त आलं तर ताबडतोब सिस्टरना सांगा, अंगावर निळे डाग दिसले तर सांगा. त्यांचं संपलं की मी आईकडे वळून म्हणायचे, "काळजी घ्यायची तिची, बास."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. "ते एवढा येळ बोललं ताई, आन तुमी एवढंच?"

"बाकीचं डॉक्टरी असतं."

ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा तिला वाटलं रात्री आपण भाकरीचा कडक पापुद्रा दिला त्यानं आलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. लुगड्याच्या पदरानं पुसत बसली. दुपारी मी गेले तेव्हा तो पदर तिनं मला दाखवला, अपराध्यासारखा. मी तिला म्हणाले, "कडक कशाला द्यायचं गं तिला?" म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं मी गिळलं, आणि वर तिलाच बोल लावला. असं का केलं असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. तिला माझी गरज होती, आणि तिला जितकं कमी कळेल तितकी ती गरज जास्त राहणार होती. इतकं मी तेव्हा स्पष्ट मनात आणलं नव्हतं, पण होतं ते हेच.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला गाठलं. बोन मॅरो तपासायचा होता, त्याशिवाय आजार कुठल्या जातीचा आणि औषध कुठलं ते ठरणार नव्हतं. त्यांनी एक छापील कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माँ को ठीक से समझा दीजिए। कमर की हड्डी में सुई जाएगी। सुन्न करेंगे, फिर भी दर्द होगा। बच्ची को भी बता दीजिए, वो सब समझती है।" मग विचारलं, "माँ अंदर रहेंगी?"

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नहीं, ये घबरा जाएँगी," मी म्हणाले.

कागद हिंदीत होता. वर मथळा होता, 'अस्थि-मज्जा परीक्षण हेतु सहमति-पत्र'. सांगायला लाज वाटते, पण तो मथळा वाचून मला बरं वाटलं. शुद्ध पारिभाषिक शब्द, जोडरेघ जिथल्या तिथं. आमच्या बँकेचे फॉर्म इतके चांगले नव्हते.

आई सातवी शिकलेली होती. तिनं कागद हातात घेतला आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचायला लागली. "अस्थि... मज्जा..." ती थांबली. "मज्जा?"

कॉटवरून पोर म्हणाली, "मज्जा? कसली मज्जा?"

आता, मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीत असतं ते, हे मला पुरेपूर ठाऊक होतं. मराठीतही हाच शब्द आहे, शाळेच्या पुस्तकात असतो. पण माणच्या बाईला आणि पाच वर्षांच्या पोरीला मज्जा म्हणजे जत्रेतली, झोक्यावरची. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी 'हाड' म्हणू शकले असते. 'सुई' म्हणू शकले असते. ते सांगायला दहा मिनिटं लागली असती, मग रडारड, मग समजूत, आणि मला तीन वाजता ऑफिसात मीटिंग होती. राजभाषा समितीची मीटिंग होती, चुकली असती तर कुणाचा जीव जाणार नव्हता.

"हो गं," मी पोरीला म्हणाले. "आत गेलं की मज्जा आहे."

"सच्ची?"

"सच्ची."

आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पाच दिवसांत तिला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. तरी तिनं विचारलं, "पर तपासनी हाय न्हवं?" मी म्हणाले, "साधीच. रक्त घेतात तशी." तिनं सही केली. तिचं नाव तिनं मराठीत, गोल गोल अक्षरात लिहिलं.

तपासणीच्या खोलीच्या दारात पोर अडली. आत पांढरं टेबल दिसत होतं, दोन जण तोंडाला फडकी बांधून उभे होते. तिनं आईचा पदर धरला. मी आईला कोपर लावलं आणि म्हणाले, "तू सांग. तुझं ऐकेल ती."

आई खाली बसली. पोरीच्या फ्रॉकचं बटण लावलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा माझी बाय. मज्जा हाय आत. आय सांगतीय न्हवं?"

पोर गेली. आपल्या पायांनी गेली, वळून एकदा हसलीसुद्धा.

नंतरचं मी थोडक्यात सांगते, मला लांबवायचं नाही. दार बंद झाल्यावर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ओरडणं आलं. त्यात शब्द होते. "आई, मज्जा नाय. आई, मज्जा नाय." तेवढंच, पुन्हा पुन्हा. आईनं दाराला हात घातला आणि मी तिचं मनगट धरलं. "त्यांना काम करू दे," मी म्हणाले. ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, तिला काय झालंय तेच कळत नव्हतं. तिला वाटत होतं आत काहीतरी चुकतंय, घडू नये ते घडतंय. सगळं व्हायचं तसंच होतंय, हे तिला सांगणारं एकच माणूस तिथं होतं आणि ते तिचं मनगट धरून उभं होतं.

पोरीला बाहेर आणलं तेव्हा तिनं आईकडे पाहिलं नाही. आईनं हात पुढे केले तशी तिनं मान दुसरीकडे फिरवली. मी घड्याळ पाहिलं, रिक्षा केली आणि मीटिंगला वेळेवर पोचले.

आजार औषधाला दाद देणाऱ्यातला निघाला. उपचार सुरू झाले. महिनाभर सुया, सलाईन, गोळ्या. पोरीचं तोंड गोळ्यांनी सुजलं, केस उशीला चिकटून यायला लागले. यातलं जे डॉक्टरांनी सांगितलं ते आता मी बऱ्यापैकी पुरं सांगत होते. भीती बसली होती मला. पण आता ऐकणारीचंच लक्ष उडालं होतं, कारण तिचं दुःख दुसरं होतं. पोर तिचा शब्द मानेनाशी झाली होती.

आई म्हणाली दूध गरम नाही, तर पोर बोट बुडवून बघायची. आई म्हणाली आज सुई नाही, तर ती सिस्टरला हाक मारायची. सिस्टर केरळची होती, तिचं हिंदी म्हणजे चार शब्द, त्यांतही पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा घोळ. पण ती सरळ सांगायची, "आज सुई है। दर्द होगा। रोना है तो रोओ।" पोर तिच्यापुढं हात करायची, रडायची आणि रडून झालं की शांत व्हायची. गोळ्या मात्र रात्रंदिवस आईच्याच हातून द्यायच्या होत्या, आणि आईच्या हातून ती गोळी घ्यायची नाही. घेतली तर थुंकायची. डॉक्टर एकदा चिडले. गोळ्या पोटात राहिल्या नाहीत तर सगळं फुकट आहे, हे माँला समजवा, म्हणाले. मी समजावलं. वडील सुट्टीच्या दिवशी आले आणि बायकोवर ओरडले, एवढंसुद्धा जमत नाही का म्हणून. मी तिथंच उभी होते. मोसंबं सोलत होते.

"माझ्याकडं बघतच न्हाय ती," आई मला एकदा म्हणाली. "माझं काय चुकलं ताई?"

मी म्हणाले, "आजारपणात मुलं चिडचिडी होतात."

मी अमीनाबादच्या बाजारातून पोरीला बाहुली आणून दिली. पोरीनं ती घेतली, शेजारच्या कॉटवरच्या मुलीला देऊन टाकली. मंडळात माझं नाव झालं. मार्गशीर्षातल्या एका हळदीकुंकवाला एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की यांच्यासारखी सेवा सख्खी बहीण करणार नाही. मी 'अहो, त्यात काय' म्हणाले, जे अशा वेळी म्हणायचं असतं. रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कुणी कौतुक केलं तर पुन्हा तेच म्हणाले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवलं म्हणून खाणं थांबतंच असं नाही.

शेजारच्या कॉटवरची ती मुलगी लखनौजवळच्या चिनहटची. तिची आई आणि आमच्या पोरीची आई महिनाभरात एकमेकींना धरून हिंदी-मराठीचं काहीतरी बोलायला लागल्या होत्या. मला बाजूला ठेवून बोलायच्या आणि त्यांचं चांगलं चालायचं. त्या बाईच्या मुलीची तीच तपासणी झाली तेव्हा ती मुलीजवळ आत थांबली होती. तिनं हातवारे करून, स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून सगळं दाखवलं असणार.

डिसेंबर लागला होता. दुपारी धुकं विरल्यावर व्हरांड्यात थोडं ऊन यायचं. आई तिथं मटार सोलत बसली होती. इस्पितळात कसले मटार, पण चिनहटच्या बाईनं आणले होते आणि ती मदत करत होती. मी जवळ बसले. तिनं मान वर न करता विचारलं, "ताई, मज्जा म्हंजी हाडातलं असतं व्हय?"

मी म्हणाले, "हो."

"तुमास्नी तवा ठावं व्हतं?"

इथं मी खोटं बोलले नाही, एवढं तरी लिहून ठेवते. "हो," मी म्हणाले.

तिच्या हातातली शेंग फुटली, दाणे वाटीत पडले. तिनं दुसरी शेंग घेतली. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. उत्तरं मी महिनाभर तयार ठेवली होती: तुमच्या यजमानांनी सांगितलं होतं, तू घाबरली असतीस, सही व्हायला हवी होती, पोरीच्याच भल्याचं होतं. तिनं त्यातलं एकही देऊ दिलं नाही.

सालं बाजूला सारत ती म्हणाली, "सोमवारी परत हाय ना ती तपासनी?"

"हो. औषध किती लागू पडलं ते बघायला."

"मग तुमी एक करा. तिला सांगा, का त्या दिवशी आईला ठावं नव्हतं. तुमी सांगा. म्या सांगून ती मानायची न्हाय."

मी हो म्हणाले. मागून मागून तिनं मागितलं तरी काय होतं? महिनाभरात एवढं एकच. मला पाच वर्षांच्या मुलीपुढं उभं राहून म्हणायचं होतं की खोटं मी बोलले, तुझी आई नाही. पाच-सहा शब्द.

शनिवार-रविवार मी ते शब्द जुळवत होते. आमच्या कामात एक सोय असते. परिपत्रकात कुणी काही करत नाही, सगळं आपोआप केलं जातं. 'सूचित किया जाता है', 'विलंब हुआ है', 'खेद है'. कुणी सूचित केलं, कुणामुळे विलंब झाला, कुणाला खेद आहे, ते कुठंच नसतं. पंधरा वर्षं मी अशी वाक्यं लिहीत होते आणि त्याचा पगार घेत होते. सोमवारी सकाळी प्रवासी टेंपोत बसून इस्पितळात जाताना माझं वाक्य तयार होतं, आणि ते ऐकायला छान होतं.

तपासणीच्या खोलीबाहेर पोर बाकावर बसली होती. डोक्याला लोकरीची टोपी, पायात मोजे. आज काय आहे ते तिला कळलं होतं, कारण सिस्टरनं सांगितलं होतं. ती बाकाची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती आणि आई शेजारी उभी होती, तिला हात न लावता. दारात डॉक्टर वाट बघत होते. त्यांनी मला सांगितलं की धरून, ओढून न्यायचं नाही, मुलगी झटापट करत राहिली तर सुई नीट जाणार नाही. कुणीतरी तिला तयार करा.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पोरीसमोर वाकले.

"बाळा," मी म्हणाले, "मागच्या वेळी तुला जरा चुकीचं सांगितलं गेलं."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग विचारलं, "किसने?"

मी तिच्या टोपीची कड सारखी केली.

"किसने बताया था?" तिनं पुन्हा विचारलं. मराठीत विचारलं तर मला कळणार नाही असं तिला वाटलं असेल.

माझ्या तोंडून आलं ते असं: "कुणालाच नीट माहीत नव्हतं गं. मलापण नव्हतं."

बोलले आणि कळलं की आई दोन हातांच्या अंतरावर आहे. व्हरांड्यात जिला 'हो' म्हणून सांगितलं होतं तीच आई. मी तिच्याकडे बघू शकले नाही. माझी नजर पोरीच्या मोज्यांवर होती, एका मोज्याची टाच वर फिरली होती. आता ही बाई मला तोंडावर खोटं पाडणार, आणि पाडू दे, असं मला वाटलं. खरंच वाटलं. ते तिनं केलं असतं तर माझं काम झालं असतं.

ती बाकापुढं खाली बसली. पोरीच्या हातांवर हात ठेवले नाहीत, बाजूला बाकावरच ठेवले.

"म्या सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं दुखनार म्हनून. म्या खोटं बोलले तुझ्यासंगं."

पोर तिच्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. पोरीला खोटं न बोलणारी आई पाहिजे होती, आणि तशी आई तिला देण्यासाठी ही बाई न केलेलं खोटं आपल्या नावावर घेत होती. मी तिथं दोन फुटांवर उभी होते. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तिन्ही भाषांत तो शब्द मला येत होता.

"क्यों?" पोरीनं विचारलं.

"भ्याले."

"आज पण दुखणार?"

"हां. लई दुखनार. मागच्यावानीच." आईचा आवाज हलत नव्हता. "पर आज म्या आत हाय. तू वरडायचं, म्या हात धरनार. संपस्तवर सोडायची न्हाय."

पोरीनं फळी सोडली. आधी एक हात, मग दुसरा. आईनं तिला उचललं आणि तिनं सुजलेलं तोंड आईच्या मानेत घातलं. डॉक्टरांनी दार पूर्ण उघडलं.

मी दाराच्या वाटेतच उभी होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आई माझ्यासमोर येऊन थांबली. तिच्या डोळ्यांत मला काही शोधायचं होतं, निदान तिरस्कार, पण तिला तेवढी सवड नव्हती.

"ताई, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली.

मी बाजूला झाले.